मुलांच्या शोधाला गिऱ्हाईक हवं

कृष्णाकाठ

मंडळी, शाळांची विज्ञान प्रदर्शनं सुरू झाली की दर वर्षी तेच दिसतं. थर्माकोलचं घर आणि त्याच्या छपरावरचं पाणी साठवणारी टाकी, अंधार पडला की पेटणारा पथदिवा, अडथळा आला की थांबणारी गाडी. मुलं पाठ केलेलं घडाघडा बोलतात, परीक्षक कागदावर गुण मांडून पुढच्या टेबलाकडे जातात आणि संध्याकाळी सगळं टेम्पोत चढतं. यातली एकही वस्तू कुणाच्या घरी, शेतात किंवा दुकानात वापरायला जात नाही. मुलांचे कष्ट मला दिसतात, म्हणूनच वाईट वाटतं.

माझा स्वतःचा फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे आणि शनिवारी मी तालुक्याच्या एका शाळेत मुलांबरोबर काम करते. तिथे जे पाहिलं त्यावरून माझं ठाम मत झालं आहे. मुलांना शोध लावायला शिकवायचं असेल तर किट, प्रयोगशाळा, स्पर्धा या सगळ्याच्या आधी त्यांना एक गिऱ्हाईक मिळवून द्या. ज्याची खरी अडचण आहे, ज्याच्याशी बोलता येतं आणि वस्तू चालली नाही तर जो ती परत करेल, असा माणूस.

हे मी नवं काही सांगत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच पायावर. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी., मग हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन, आणि ते सोडून शिरूर तालुक्यातल्या अवर्षणग्रस्त गावात शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांबरोबर काम. तिथली मुलं वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, पशुपालन असं सगळंच शिकायची आणि शिकता शिकता गावाची कामं पैसे घेऊन करायची. हा पैसे घेण्याचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. कौतुक करताना माणूस सढळ असतो, पण खिशात हात घालायची वेळ आली की खरं बोलतो. मुलांना ते खरं बोलणं ऐकायला मिळालं पाहिजे.

याच कामातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय उभा राहिला, ज्याला इंग्रजी नावावरून सगळे आयबीटी म्हणतात. आठवी ते दहावीसाठी राज्य मंडळाची त्याला मान्यता मिळाली. आठवड्यातला एक दिवस हातकामाचा, आणि चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. २००२ मध्ये पाबळला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मदतीने फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, सुरू झाली. एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. बोस्टनचं यंत्र शिरूर तालुक्यात आलं, कारण त्या यंत्रावर काय करायचं हे सांगणारी माणसं आणि त्यांच्या अडचणी तिथे आधीपासून होत्या.

आता केंद्र सरकारच्या योजनेतल्या शाळांच्या प्रयोगशाळांकडे, अटल टिंकरिंग लॅबकडे बघा. २०१६ पासून देशातल्या दहा हजारांहून जास्त शाळांना त्या मिळाल्या. एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, त्यात थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारं छोटं सर्किट), नाना तऱ्हेचे सेन्सर. योजना चांगली आहे आणि काही शिक्षक त्यातून सुंदर काम करून घेतात. पण मी आत जाऊन पाहिलेल्या बहुतेक लॅबमध्ये मुलं किटबरोबर आलेलं पुस्तकच करून बघत होती. सेन्सर हातात आला की मग त्याच्यासाठी प्रश्न शोधायचा, असा उलटा प्रवास चालतो.

तुमच्यापैकी कुणी शिक्षक, पालक किंवा कारागीर असाल तर मुलांकडून खरं काम कसं करून घेतलंत ते लिहा. काय अडलं तेही लिहा.

मुरूम आणि पाषाण

फार चांगला धागा. मी भूजल सर्वेक्षणाचं काम करतो, त्यामुळे पाबळचं एक उदाहरण मला जवळचं आहे. विहीर कुठे खणायची हा तिकडच्या शेतकऱ्याचा जिवाचा प्रश्न. विज्ञान आश्रमाने जमिनीची विद्युतरोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते, मोजणारं यंत्र तयार केलं आणि मुलं शेतकऱ्यांना जमीन तपासून द्यायला लागली.

त्यातलं शास्त्र नववी-दहावीचंच आहे. सरळ रेषेत सारख्या अंतरावर चार सळया जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोघींमध्ये किती व्होल्ट मिळतात ते मोजायचं. व्होल्टला अँपिअरने भागलं, त्याला २π आणि दोन सळयांमधल्या अंतराने गुणलं की त्या जागेची रोधकता हातात येते. सळया जसजशा लांब नेत जाल तसतसं यंत्र खोलवरचं 'बघतं'. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात भेगा नसतील तर आकडा मोठा येतो. मुरूम, भेगाळलेला खडक, ओल असेल तर खाली येतो. आकडे आलेखावर मांडले की थर कुठे बदलतो त्याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, पाण्याची हमी नाही. आणि हे शेतकऱ्याला आधी सांगायचं असतं. सोळा वर्षांच्या मुलाने एका अनुभवी माणसाला 'इथे लागेल असं वाटतं, पण खात्री देत नाही' असं सांगायला शिकणं, हे मला ओहमच्या नियमाइतकंच मोलाचं शिक्षण वाटतं.

गणितवाला

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. वरचं सगळं वाचून आनंद झाला, पण एक काळजी मांडतो. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांनी शाळेत सेन्सर जोडलेले असतात, प्रमाणपत्रं असतात, आणि त्यांना समांतर जोडणीतला रोध काढता येत नाही. मुरूम आणि पाषाण यांनी लिहिलेलं सूत्र सळया ठोकणारी मुलं पाठ म्हणतील. तो २π तिथे का आला हे किती जणांना सांगता येईल?

शोध लावायला पाया लागतो. पाया घालायच्या वयात मुलांना गिऱ्हाइकामागे धावायला लावलं तर हाताला चलाखी येईल, पण विचार उथळ राहील अशी मला भीती वाटते. शिवाय गरिबाच्या मुलाने हातकाम शिकावं आणि शहरातल्या मुलाने गणित, अशी वाटणी यातून पक्की होऊ नये. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर आलेल्या नई तालीमवरही, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिकवायच्या पद्धतीवरही, हा आक्षेप घेतला गेला होता आणि तो अगदीच निराधार नव्हता.

कृष्णाकाठ

गणितवाला सर, वाटणीचा तुमचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. म्हणूनच हे काम पुण्या-मुंबईच्या शाळांतही तितकंच व्हायला हवं. सोसायटीतला ओला कचरा, लिफ्टविना तिसऱ्या मजल्यावर राहणारी आजी, रिक्षा स्टँडवर उन्हात उभे राहणारे चालक: अडचणी तिथेही भरपूर आहेत.

पायाबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. गरज पडली की मुलं पाया मागतात. आमच्या शाळेत मुलींनी चारा कापायच्या यंत्राला पायाने चालवायची जोडणी करायला घेतली. दातेरी चाकांचं गुणोत्तर चुकलं आणि पाय फिरेना. त्या दिवशी त्यांनी गुणोत्तर-प्रमाणाचा धडा स्वतःहून काढला. वर्षभर वर्गात तोच धडा ऐकताना त्यांना तो कशाशीच जोडता आला नव्हता. मग बल आणि अंतर यांचा हिशेब गणिताच्या बाईंनी फळ्यावर करून दाखवला. बाईंशिवाय ते काम पुढे गेलं नसतं, हेही तितकंच खरं. तेव्हा गणिताचा शिक्षक कामाच्या जागी हजर असला पाहिजे, असं मी म्हणेन.

आणि तुमचा २π. करंट जमिनीत शिरल्यावर अर्ध्या गोलात पसरतो, वर हवेत जात नाही, म्हणून ४π चा अर्धा. नववीच्या मुलाला कलिंगडाची अर्धी फोड दाखवून हे सांगता येतं. सांगणारा हवा.

चांदवडचा मास्तर

मी नाशिक जिल्ह्यात शिकवतो. आमच्याकडे प्रश्न एकच, कांदा. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे तो साठवायच्या शेडमध्ये, जातो आणि भाव बरा मिळेपर्यंत, कधी ऑक्टोबरपर्यंत, तिथेच राहतो. तोवर त्यातला किती सडेल यावर घरातल्या लग्नाची तारीख ठरते.

आठवीच्या मुलांना मी चाळमालकांकडे पाठवलं. पहिल्या फेरीत काहीच हाती लागलं नाही. मुलं विचारायची, 'तुमची अडचण काय?' आणि सगळीकडे एकच उत्तर, 'भाव नाही.' तिथे मुलांनी काय शोध लावायचा? मग आम्ही प्रश्न बदलले. मागच्या वर्षी कांदा कधी फेकायला लागला? चाळीच्या कुठल्या बाजूचा? ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, आणि कशावरून? आता लोक हात धरून चाळीत न्यायला लागले. कोपरा दाखवायचे, 'इथून पाणी येतं' म्हणायचे, खालचा फळ्यांचा थर उचलून दाखवायचे. बहुतेक घरांत सड आधी कळते ती बाईमाणसांना, वासावरून. पण वास येईपर्यंत आतला पुष्कळ कांदा गेलेला असतो.

कांदा टिकायला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली, हे पुस्तकात आहे. पण ढिगाच्या पोटात काय चाललंय ते कुणी बघितलेलं नसतं. मुलांनी पीव्हीसी पाइपला भोकं पाडून तो ढिगात उभा रोवला, आत सुतळीने तापमापक सोडला आणि सकाळ-संध्याकाळ नोंदी ठेवल्या. एका मालकिणीला मोठ्या उत्साहाने तक्ता नेऊन दाखवला. त्या म्हणाल्या, 'बाळांनो, आकड्याचं मी काय करू? कुठली बाजू आधी उपसायची तेवढं सांगा.'

मुलांची तोंडं पडली होती, पण कामाला खरी दिशा त्या वाक्याने मिळाली. आता चाळीच्या खांबांवर क्रमांक रंगवले आहेत आणि ज्या खांबाजवळचा पाइप बाकीच्यांपेक्षा गरम लागतो तिथे लाल फडकं बांधायचं. एवढंच. सेन्सर नाही, मोबाइल नाही. ती बाई फडकं बघून ढीग उपसते.

या कामाला जिल्ह्याच्या प्रदर्शनात क्रमांक मिळाला नाही. परीक्षकांना त्यात 'तंत्रज्ञान' दिसलं नाही. मला याचा खरोखर राग आला.

अनघा_पेण

चांदवडचे मास्तर, तुमच्या मुलांचं मनापासून अभिनंदन. लाल फडक्याची गोष्ट मी घरी सगळ्यांना वाचून दाखवली.

माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या शाळेत आयबीटीसारखाच विषय आहे, पण मुलींना स्वयंपाक आणि शिवणाकडे वळवतात आणि वेल्डिंगच्या शेडमध्ये मुलगे जातात. नियम कुठेच लिहिलेला नाही, आपोआप तसं होतं. मी विचारलं तर 'सुरक्षिततेचा प्रश्न आहे' असं उत्तर मिळालं. सुरक्षितता मुलग्यांना लागत नाही का? इतर शाळांत हे कसं करतात? आणि दहावी जवळ आली की पालकच 'हे आता बंद करा' म्हणतात, त्यांना काय सांगायचं?

कानसकाका

अनघाताई, मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालो. सुरक्षिततेबद्दल मी बोलतो.

केस बांधलेले, ओढणी बाहेर काढून ठेवलेली, पायात बूट, डोळ्यांवर चष्मा. हे मुलगा-मुलगी दोघांना सारखं. ड्रिलवर काम करताना हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोजा फिरत्या बिटात गुंडाळला की हात ओढला जातो. पुष्कळांना हे उलट वाटतं म्हणून मुद्दाम लिहितो. शाळेत २३० व्होल्टची उघडी जोडणी मुलांना द्यायची नाही, १२ व्होल्टवर हवं ते शिकवता येतं. वेल्डिंग शिकवणारा समोर उभा असेल तरच, आणि काळ्या काचेतून बघून. मुलींचं मार्किंग आणि कानस मला नेहमी जास्त स्वच्छ मिळाली. शेडमधून त्यांना बाहेर ठेवणं म्हणजे चांगले कारागीर घालवणं.

दुसरं सांगायचं ते असं की शोधाच्या आधी दुरुस्ती शिकवा. बिघडलेला मिक्सर, गळणारा नळ, सैल झालेली सायकलची कडी. वस्तू उघडली की करणाऱ्याने काय विचार केला ते दिसतं. हा स्क्रू इथेच का, हा वॉशर कशासाठी, इथे प्लास्टिक वापरून पैसे कुठे वाचवले. अशा पाच-पंचवीस वस्तू उघडून पुन्हा जोडलेल्या मुलाला नवीन वस्तू सुचते, आणि सुचली तर ती करता येईल अशी सुचते. सुरुवातीला व्हाइस, हॅकसॉ, दोन कानशी, गुण्या, पकड, पान्यांचा एक संच आणि मल्टिमीटर एवढं पुरे. थ्रीडी प्रिंटर मागाहून आला तरी चालेल.

गावातला सुतार, गवंडी, मोटार रिवाइंडिंगवाला यांना शाळेत बोलवा आणि त्यांना दिवसाचा रोज द्या. कलबागांनी कारागिराला शिक्षकाचा मान दिला होता. आपल्या शाळांत तो माणूस बाक दुरुस्त करायला येतो आणि मुलांशी न बोलता जातो.

तळेगावकर

मी वाहनांचे भाग करणाऱ्या कारखान्यात डिझाइनमध्ये आहे. चांदवडच्या कांद्यावरून लिहावंसं वाटलं.

गेनरिख अल्टशुलर नावाचा सोव्हिएत अभियंता होता. त्याने १९४६ पासून पेटंटांचा ढीग वाचून काढला आणि शोध कसे लागतात याची पद्धत मांडली. तिला ट्रिझ म्हणतात. स्टालिनच्या काळात तो छळछावणीतही राहून आला, तरी काम सोडलं नाही. मुलांसाठी तर त्याने आवर्जून लिहिलं. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा: कठीण प्रश्नाच्या पोटात एक विरोध असतो. एक गोष्ट सुधारायला गेलो की दुसरी बिघडते. साधारण माणूस मधला मार्ग काढतो, थोडं इकडे थोडं तिकडे. शोधक तो विरोधच मोडायची वाट शोधतो.

कांदाचाळीत बघा. बाजू उघडी हवी, वारा खेळायला. बाजू बंद हवी, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. अर्धवट उघडी ठेवली तर दोन्हीकडून नुकसान. आता मुलांना विचारायचं: दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या आहेत का? वारा रोज हवा, आडोसा झड येते तेव्हाच. मग वेळेने वेगळं करता येईल का? दोन्ही एकाच जागी हव्या आहेत का? झड एका दिशेने येते. मग जागेने वेगळं करता येईल का? सहावी-सातवीच्या मुलांबरोबर मी हे दोन प्रश्न वापरले आहेत आणि ती अशी काही उत्तरं देतात की आमच्या कारखान्यातल्या बैठकीत ऐकायला मिळत नाहीत.

गणितवाला सरांच्या पायात मी हे धरेन. सूत्रासारखंच हेही शिकवावं लागतं, आपोआप येत नाही.

पेटंटवाली

बऱ्याच शाळा मुलांच्या कल्पनेचं 'पेटंट घेऊया' म्हणतात म्हणून थोडं लिहिते. आधी वस्तू सगळ्यांसमोर मांडली, यूट्यूबवर टाकली आणि मग अर्ज केला, तर नावीन्य उरलं नाही म्हणून तो अडकू शकतो. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती १२ महिन्यांची सवलत कायद्यात आहे, पण शाळेचं स्नेहसंमेलन त्यात बसत नाही. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सूट आहे. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, म्हणजे एनआयएफ, निवडलेल्या मुलांच्या कल्पनांसाठी अर्ज भरायला मदत करतं. शाळकरी मुलांच्या कल्पनांसाठीच्या इन्स्पायर-मानक या सरकारी योजनेत निवड झाली तर मॉडेलसाठी १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात, ते जरूर मिळवा.

पण बारा वर्षांच्या मुलाने पेटंटच्या मागे लागावं असं मला या व्यवसायात राहूनही वाटत नाही. कांद्याच्या लाल फडक्यावर पेटंट मिळणार नाही, आणि ते शेजारच्या गावाने उचललं तर चांगलंच आहे.

गणितवाला

कृष्णाकाठ, अर्ध्या गोलाचं स्पष्टीकरण माझ्या वर्गात वापरणार आहे. मुरूम आणि पाषाण, तुमची हरकत नसेल तर आमच्या महाविद्यालयात एकदा सळया ठोकून दाखवायला या. मैदान आहे, मुलं आहेत. माझी काळजी पूर्ण मिटलेली नाही, पण शिक्षक कामाच्या जागी हवा, हे म्हटलं तर ती जबाबदारी माझ्यावरच येते, आणि ते मला मान्य आहे.

कृष्णाकाठ

अनघाताई, दहावीच्या पालकांबद्दल. आम्ही आठवी-नववीत एक काम पुरं करून घेतो आणि दहावीत त्याच मुलांना आठवीच्या मुलांना शिकवायला महिन्यातून एकदाच बोलावतो. पालकांची तक्रार येत नाही, कारण वेळ थोडा जातो. आणि मुलं येतात, कारण त्यांनी केलेलं यंत्र अजून कुणाच्या तरी गोठ्यात चालू असतं आणि ते बघायची ओढ असते. मुलींच्या बाबतीत आम्ही चारही विभाग सगळ्यांना सक्तीचे केले. मुलग्यांनाही भाजी निवडायला आणि रक्तगट तपासायला बसवलं. मुख्याध्यापकांकडे जाताना 'मुलींना शेडमध्ये घ्या' असं न म्हणता 'सगळ्यांना सगळे विभाग फिरवून द्या' असं मागून बघा, नकार द्यायला कारण उरत नाही.

मास्तर, प्रदर्शनाचं ऐकून मलाही राग आला. परीक्षकांच्या तक्त्यात 'ही वस्तू आज कोण वापरतं, त्या माणसाशी बोला' असा रकाना असावा, अशी मागणी आपण या धाग्यावरून मिळून करूया का? मसुदा मी लिहिते.

चांदवडचा मास्तर

मसुद्यावर माझं नाव घाला.

तळेगावकर, तुमचे दोन प्रश्न काल वर्गात विचारले. आमच्याकडे झड बहुतेक पश्चिमेकडून येते, तेव्हा तीच बाजू झाकायची, असं पोरांनी लगेच सांगितलं. एकीने खताची रिकामी पोती शिवून दोरीने वर-खाली होणारा पडदा सुचवला, आभाळ भरलं की सोडायचा, उघडलं की गुंडाळायचा. दुसऱ्याने विचारलं, रात्री झड आली तर सोडायला कोण उठणार? त्यावर अजून भांडण चालू आहे. दोन चाळमालक आपल्या चाळीवर करून बघायला तयार झालेत, पडद्याचं शिवण पोरांच्या आया करून देणार आहेत आणि खर्च मालक देतील. शेजारच्या चाळी पडद्याविना आहेतच. चाळी रिकाम्या होतील तेव्हा दोन्हीकडचा फेकलेला कांदा तोलून आकडे इथेच टाकतो.